हातावेगळे

एखादे काम संपले की आपण मराठीत 'ते हातावेगळे केले' असे म्हणतो. 'संपवले', 'उरकले', 'निकालात काढले' हेही शब्द आहेत. पण 'हातावेगळे' या शब्दात जी सुटका आहे ती त्यांत नाही. वस्तू हातात होती. आता हात निराळा आणि वस्तू निराळी. शिंप्याने सदरा शिवून गिऱ्हाइकाला दिला, कासाराने बांगड्या भरल्या, मास्तरांनी उत्तरपत्रिका तपासून गठ्ठा कार्यालयात पोचवला, की त्यांचा हात मोकळा झाला. शब्द नेमका आहे आणि देखणाही आहे. माझी तक्रार असलीच तर इतकीच की तो अर्धेच सांगतो. शिंप्याच्या हातून दोन वस्तू निघतात, सदरा आणि चिंध्या. सदऱ्याला धनी मिळतो. त्याचे मोल ठरते, आणि बाही आखूड झाली तर तो परतही येतो. चिंध्या मात्र यंत्राखाली पडून राहतात, संध्याकाळी केरसुणीने एकत्र होतात आणि दाराबाहेर जातात. त्या कोणी कोणाला दिलेल्या नसतात, कोणी घेतलेल्याही नसतात. तरी त्याही हातावेगळ्या झाल्या असे आपण धरून चालतो.

मला लिहायचे आहे ते या दुसऱ्या हातावेगळेपणाविषयी. आपण जे टाकतो ते कोठपर्यंत आपले असते? उंबऱ्यापर्यंत, गल्लीच्या तोंडापर्यंत, की ज्या क्षणी मनाने 'नको' म्हटले त्याच क्षणी ते परके होते? मालकी सोडून देता येते हे कायद्यालाही मान्य आहे. जबाबदारी त्याच रीतीने सोडता येते काय? आपल्या भाषेत बायकोही 'टाकलेली' असते, हे येथे सहज आठवले. तिच्या बाबतीत तरी आपण अलीकडे कबूल करू लागलो आहोत की टाकणाऱ्याचे देणे टाकल्याने फिटत नाही.

असल्या प्रश्नाला उदाहरण थोर घ्यावे असा संकेत आहे. माझे उदाहरण थोर नाही. ते मोटारीच्या एंजिनातले पाणी बदलण्याचे आहे, आणि हे काम मी दर काही वर्षांनी घराच्या अंगणात स्वतः करतो. पाणी म्हणतो, पण ते नुसते पाणी नव्हे. बाजारात त्याला कूलंट म्हणतात. एंजिनात जेवढे पेट्रोल जळते त्याच्या उष्णतेतील फार तर तिसरा हिस्सा गाडी पुढे ढकलण्याच्या कामी येतो. साधारण तितकाच सायलेन्सरवाटे हवेत जातो आणि उरलेला बराचसा एंजिनाच्या भिंतींत शिरतो. तो तेथून काढून नेला नाही तर धातू प्रसरण पावून एंजिन काही मिनिटांत जाम होईल. म्हणून भिंतींच्या पोकळीतून एक द्रव सतत फिरवायचा, त्याने उष्णता उचलायची, पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन ती वाऱ्याला द्यायची आणि पुन्हा आत जायचे. नदीवरून घागरी भरून आणणाऱ्या बाईसारखे हे काम आहे. फरक एवढाच की येथे भरलेली घागर बाहेर जाते.

उष्णता वाहून नेण्यात पाण्यासारखे दुसरे काही स्वस्त नाही. पण पाणी शंभर अंशांना उकळते, थंड मुलखात गोठून एंजिन फोडते, लोखंडाला गंजवते, आणि आमच्याकडच्या बोअरचे असले तर क्षारांचा पांढरा थर नळ्यांत धरते. यावर तोड म्हणून त्यात निम्मे एथिलीन ग्लायकॉल घालतात. असे निम्मेनिम मिश्रण उणे सदतीस अंशांपर्यंत गोठत नाही आणि उकळते सुमारे एकशे सात अंशांना. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवते, त्यामुळे ही मर्यादा एकशे तीसच्या जवळ जाते. लेहला जाणाऱ्या गाडीला पहिला गुण हवा, आमच्या घाटात चढणाऱ्या गाडीला दुसरा. निम्म्याऐवजी सगळेच ग्लायकॉल घातले तर आणखी बरे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. निव्वळ ग्लायकॉल पाण्याहून पुष्कळ कमी उष्णता उचलते आणि गोठते उणे तेरा अंशांच्या आसपासच. दोघांच्या मिश्रणात जे बळ आहे ते एकट्याकडे नाही. याखेरीज त्यात गंज आवरणारी द्रव्ये असतात. ती वापराने झिजतात; कूलंट बदलायचे ते मुख्यतः यासाठीच. जुन्या पद्धतीचे दोन वर्षांनी, नव्या पद्धतीचे पाच वर्षांनी. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंग असतो. त्यावरून आत काय आहे ते ठरत नाही. गाडीबरोबर आलेले पुस्तक पाहावे हे उत्तम.

काम अवघड नाही. गाडी सपाट जागी रात्रभर निवू द्यायची. गरम एंजिनाचे झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर उकळत्या द्रवाचा फवारा येतो, म्हणून या एका बाबतीत घाईला क्षमा नाही. सकाळी झाकण काढायचे, खाली घमेले सरकवायचे आणि रेडिएटरच्या तळाची तोटी सोडायची. तोटी नसेल तर खालच्या रबरी नळीचा क्लॅम्प पकडीने ढिला करायचा. धार आधी जोरात येते, मग करंगळीएवढी होते, मग थेंबावर येते. नंतर तोटी बंद करून डिस्टिल्ड पाणी भरायचे, गाडीच्या हीटरचे बटण गरमकडे ठेवून एंजिन चालू करायचे आणि वरची नळी हाताला चांगली तापलेली लागेपर्यंत थांबायचे. थर्मोस्टॅट नावाची मेणाची झडप पंचाऐंशी-नव्वद अंशांच्या सुमारास उघडते. तोवर एंजिनाच्या पोटातले जुने कूलंट बाहेर येतच नाही. मग पुन्हा निववायचे, पुन्हा सोडायचे. पाणी निर्मळ येईपर्यंत हे दोनतीनदा करावे लागते. शेवटी नरसाळ्याने नवे कूलंट ओतायचे, एंजिन थोडे चालवून आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे निघू द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी थंड एंजिनावर पातळी पाहून कमी असेल ते भरायचे. एका रविवारचे काम.

दुपारी सगळे आवरल्यावर गाडी तयार असते आणि शेजारी घमेले असते. लहान गाडीचे पहिल्या सोडणीचे चारपाच लिटर आणि धुण्याचे दहाबारा. हिरवे, किंचित दाट, उन्हात चमकणारे. मुलांच्या शाईसारखे दिसते. याचे काय करायचे, हा प्रश्न गाडीबरोबरच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेला असतो: स्थानिक नियमांप्रमाणे विल्हेवाट लावावी. पुस्तकाचे काम तेथे हातावेगळे झाले.

आता या द्रवाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार त्याच्या एका विचित्र गुणावर उभा आहे. ते गोड असते. १८५६ साली वुर्त्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले, आणि गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा अंश त्याच्या नावात उतरला. आपली जीभ आणि आपली भाषा या दोघींची समजूत अशी आहे की विष कडू असते. 'जहरासारखे कडू' हे आपण कारल्यालाही म्हणतो. ही समजूत खुळी नव्हे. कुचल्याची बी कडू, धोतरा कडू; रानातली पुष्कळशी विषे कडू असतात आणि त्यांना ओळखण्यासाठीच प्राण्यांच्या जिभेवर कडूची जाण आली असावी. जिभेला हे शिकायला लाखो वर्षे मिळाली. एथिलीन ग्लायकॉल शिकायला अजून पावणेदोनशेही झालेली नाहीत. कुत्र्याची जीभ त्या घमेल्याजवळ येते ती आपल्या जुन्या शहाणपणावर विश्वासून. मांजराची गोष्ट निराळी. मांजराला गोडाची चवच कळत नाही हे २००५ साली सिद्ध झाले. ते पिते तहानेने, किंवा भिजलेला पंजा चाटताना. साध्या मांजराला चहाचा एक चमचा पुरतो. मोठ्या माणसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास.

मरण कसे येते तेही पाहण्यासारखे आहे. ग्लायकॉल स्वतः फारसे जहाल नाही. पोटात गेल्यावर प्राणी प्रथम झिंगतो, अडखळतो. मग बरा झाल्यासारखा दिसतो, आणि धनी म्हणतो, उतरले. त्याच वेळी यकृत आपले नेहमीचे काम इमानाने करीत असते. परके द्रव्य आले की ते फोडायचे, बदलायचे, बाहेर धाडायचे. यकृताने जन्मभर हेच केलेले असते. पण या द्रव्याच्या बाबतीत त्या इमानदारीतूनच एकामागून एक आम्ले तयार होतात, शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होते, ते रक्तातल्या कॅल्शियमला धरते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात जाऊन बसतात. एकदोन दिवसांत लघवी बंद होते. वेळीच कळले तर उतारा आहे. पूर्वी डॉक्टर अशा रोग्याला चक्क मद्यार्क देत, कारण यकृत ग्लायकॉलआधी मद्यार्काकडे वळते आणि तेवढ्यात ग्लायकॉल जसेच्या तसे लघवीवाटे निघून जाते. आता यासाठी निराळे औषधही आहे. परंतु रात्री गटारीच्या कडेला पाणी प्यालेल्या गल्लीतल्या कुत्र्याला काय झाले हे वेळीच कोणाला कळणार?

माझे एक स्नेही वकील आहेत. त्यांच्यापुढे हा विषय काढला तेव्हा ते हसले. "अहो मास्तर," ते म्हणाले, "पाच लिटरने काय होते? गटारात शंभर घरांचे सांडपाणी वाहते. तुमचे विष त्यात कुठल्या कुठे जाईल." त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्यात बरेच तथ्य आहे. ग्लायकॉल काही शिशासारखे जन्मभर टिकणारे नव्हे. मातीतले जंतू ते खातात. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत त्याचा मागमूस राहत नाही. साठलेल्या पाण्यात मात्र ते खाताना जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. आणि वापरलेल्या कूलंटात एंजिनाचे झिजलेले तांबे, लोखंड, कधी डाखाचे शिसे उतरलेले असते. ते कोणी खात नाही. तरीही पाच लिटरचा हिशेब मांडला तर वकिलांचा पक्ष भक्कम आहे. 'मात्रा' हा शब्द आपल्याकडे औषधाचेही नाव आहे आणि मापाचेही. विष कोठे संपते आणि औषध कोठे लागते हे मापावर ठरते, हे आपल्या वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. मी स्वतः तिसऱ्या धुण्याचे पाणी गुलमोहराच्या मुळाशी ओततो, आणि वर माती ओढतो. पहिले घमेले ओतत नाही. दुसऱ्याचे काय करावे यावर दरवेळी थांबतो. कोणत्या धुण्याला विषाचे पाणी होते, याची रेघ मला सापडलेली नाही, आणि रेघ नाही म्हणून पहिले आणि तिसरे सारखेच, असेही मला मानवत नाही.

पण वकिलांच्या हिशेबात एक गोष्ट हरवते. विष शंभर घरांच्या पाण्यात मिसळते ते नंतर. आधी ते आमच्या दारासमोर, गटाराच्या खोलगट जागी, एक रात्र डबक्यासारखे उभे असते. नदीला ते काही करणार नाही. त्या रात्री तहानलेल्या एकाच जिवाला करील. नीती ही नेहमी सरासरीच्या भाषेत बोलता येत नाही याचे कारण हेच असावे. सरासरीने पाहिले तर माझ्या पाच लिटरने कोणीच मरत नाही. आणि मेलेला कुत्रा तर सरासरीत बसत नाही.

आपल्या जुन्या विचारात या कोड्याची जाण होती असे मला वाटते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच 'सूना', म्हणजे पाच खाटीकखाने सांगितले आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. केरसुणी फिरली की किडामुंगी मरते, चूल पेटली की लाकडातला जीव मरतो. गृहस्थाला मारायचे नसते. त्याला फक्त जगायचे असते, आणि जगण्यातच हे घडते. या कल्पनेतील प्रामाणिकपणा मोठा आहे. 'अजाणता घडले' असे म्हणून ती सुटू देत नाही, आणि घर सोडून पळाही, असेही सांगत नाही. रोज काही द्यावे, असे सांगते. त्यात भूतांसाठी अन्न ठेवणे येते. परंतु त्याच अध्यायात थोडे पुढे हे अन्न कोणाकोणासाठी जमिनीवर ठेवावे याची यादी येते, आणि तीत कुत्र्याच्या आणि कावळ्याच्या पंक्तीला चांडाळ बसवलेला आहे. या ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली ती उगाच नव्हे. चुलीखालच्या मुंगीचे पाप मोजणाऱ्या माणसाला आपला केर उचलणारा माणूस माणसांत मोजता आला नाही.

ही टीका मी ग्रंथापुरती करीत नाही. टाकलेली वस्तू आपली नसते ही आपली खात्री एवढी पक्की का झाली, याचे उत्तर मला येथे दिसते. इतर देशांतल्या लोकांनाही घाण नकोशी होती. पण ती कोठे जाते हा प्रश्न त्यांना कधी ना कधी पडला, कारण नेणारे कोणी नव्हते किंवा नेणारा उद्या दुसरे काम पाहू शकत होता. आपल्याकडे गावकुसाबाहेर माणसेच ठेवलेली होती. मेलेले ढोर, संडासाची पाटी, गटाराचा गाळ हे सगळे दाराबाहेर गेले की कोणीतरी उचलतो, आणि तो कोण हे जन्मानेच ठरलेले असते, अशा समाजात 'टाकणे' हे पूर्ण क्रियापद झाले. त्याला पुढचा प्रश्न उरला नाही. डोक्यावरून मैला वाहून नेण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, आणि तो पुरेना म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या त्यानंतरही येतच आहेत. माझे घमेले ज्या गटारात जाईल त्याचा गाळ काढायला कोणी तरी हातमोज्यांवाचून उतरणार आहे. माझ्या स्नेह्यांच्या शंभर घरांत तो धरलेला नव्हता.

हातावेगळेपणाची साखळी लांब झाली की काय होते याची उदाहरणे याच द्रव्याच्या घराण्यात आहेत. एथिलीन ग्लायकॉलचा सख्खा भाऊ डायएथिलीन ग्लायकॉल. तोही गोड, तोही दाट, तोही मूत्रपिंडाचा वैरी, आणि औषधात वापरायच्या ग्लिसरीनहून स्वस्त. १९३७ साली अमेरिकेत एका औषध कंपनीने जंतुनाशक सल्फाची पूड त्यात विरघळवून रासबेरीच्या स्वादाचे पातळ औषध काढले. विक्रीपूर्वी त्याची चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. ते विषारी आहे काय हे पाहिले नाही, कारण पाहावे असा कायदा नव्हता. शंभरावर माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले होती. कंपनीच्या मालकाने सांगितले ते अशा आशयाचे होते की, आम्ही मागणीप्रमाणे माल दिला, परिणाम आधी दिसणे शक्य नव्हते, सबब जबाबदारी आमच्याकडे येत नाही. ज्या रसायनशास्त्रज्ञाने ते मिश्रण बनवले होते त्याने आत्महत्या केली. दोघांना सारखेच ठाऊक नव्हते. मी या दोन माणसांचा पुष्कळदा विचार करतो. एकाने 'माहीत नव्हते' या वाक्यावर पूर्णविराम दिला. दुसऱ्याला त्या वाक्यापुढे 'कारण विचारले नव्हते' हे दिसले असावे, आणि त्यापुढे त्याला जगणे जमले नाही. मी आत्महत्येचे समर्थन करीत नाही; पण हात आणि वस्तू यांतले अंतर त्या दोघांपैकी कोणाला खरे दिसले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९३८ साली तेथे कायदा झाला आणि औषध निर्धोक असल्याचे विक्रीपूर्वी दाखवणे भाग पडले.

आपण मात्र तो धडा पुन्हापुन्हा गिरवीत आहोत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रोगी दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये हेच द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने दिलेल्या अहवालात पुरवठादारापासून रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत दोषांची माळ ओवून दाखवली. प्रत्येकाच्या टेबलावरचा कागद पुढे गेलेला होता. प्रत्येकाचे काम हातावेगळे झालेले होते. २०२२ साली गांबियात आणि २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या गोड औषधाने मुले मेली. छिंदवाड्याची कित्येक मुले उपचारासाठी नागपूरला आणली होती. आईने चमचा तोंडाला लावला आणि मुलाने तो गोड म्हणून घेतला. कुत्र्याची जीभ फसते तेव्हा आपण तिला पशू म्हणून सोडून देतो. येथे फसलेली जीभ माणसाच्या मुलाची होती, आणि फसवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या मुलाला कधी पाहिलेले नव्हते.

यावर एक छोटा उपाय माणसाने काढला, त्याची गोष्ट मला आवडते. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये एका प्रयोगशाळेत भूल देणाऱ्या औषधांवर काम करताना एक द्रव्य अकस्मात हाती आले. त्याहून कडू पदार्थ जगात ठाऊक नाही. डेनॅटोनियम हे त्याचे नाव. ते दहा लाख भागांत तीसचाळीस भाग मिसळले की कूलंट तोंडात धरवत नाही. अमेरिकेतील काही राज्यांनी ते मिसळण्याची सक्ती केली, आणि २०१२ साली तेथील उत्पादकांनी ते सर्वत्र मिसळायचे आपण होऊन ठरवले. याने अपघात किती कमी झाले याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. मांजर कडू पंजाही चाटते, आणि पोर पहिला घोट घेईपर्यंत कडूपणा कळत नाही. तरी मला तो उपाय नीतीच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. कूलंट कडू केल्याने एंजिनाला काहीही फायदा नाही. विकत घेणारा ते चाखणार नाही. ते कडू केले आहे ते अशा कोणासाठी, जो गिऱ्हाईक नाही, ज्याचे नाव माहीत नाही, जो बहुधा कधी येणारही नाही. वस्तू हातातून सुटण्यापूर्वीच तिच्यात आपली काळजी मिसळून ठेवण्याचा हा प्रकार आहे. चिंध्यांना शिवलेली बाही म्हणा. आपल्याकडे असा कडू कॅन मला दुकानात अजून भेटला नाही. दुकानदाराला विचारले तर तो मला वेड्यात काढतो, आणि त्याचे चुकते असे म्हणवत नाही.

मग गॅरेजला का देत नाही, असे कोणी विचारील. पुष्कळ दिवस लोक तेच करतात. गाडी सकाळी सोडायची, संध्याकाळी आणायची, पैसे मोजायचे. त्या पैशात कूलंटची किंमत असते, मजुरी असते, आणि आणखी एक माल असतो ज्याचे नाव बिलावर छापत नाहीत: घमेले न दिसण्याची सोय. आपण अज्ञान विकत घेतो, आणि ते बऱ्यापैकी स्वस्त मिळते. घरी काम करणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्या अंगणात घमेले उभे राहते आणि त्याला उत्तर मागते. मी पैसे वाचवण्यासाठी हे काम हाती घेतले. हे ज्ञान त्याच्याबरोबर फुकट आले आणि महाग पडले. एकदा कळल्यावर गाडी गॅरेजला नेऊनही उपयोग नाही, कारण आता तेथले गटारही मला दिसते.

आमच्या गावच्या मिस्त्रीला मी विचारलेच. तो भला माणूस आहे. हाताखालच्या पोरांना वेळेवर पगार देतो. "गटारात सोडा की, गुरुजी," तो म्हणाला, "आम्ही बी तिथंच सोडतो." मी त्याला कुत्र्यांचे सांगितले, यकृताचे सांगितले, गाळ काढणाऱ्यांचे सांगितले. त्याने बोटे कापसाच्या गोळ्याला पुसली आणि अगदी साधेपणाने विचारले, "मग कुठं सोडू?" त्याच्या आवारात एक पिंप आहे, त्यात जळके ऑइल साठते आणि महिन्यातून एकदा भंगारवाला येऊन पैसे देऊन घेऊन जातो. "ऑइलला गिऱ्हाईक हाय. ह्याला कोण इचारतंय?" ऑइलमध्ये हे मिसळले तर ऑइलही कोणी घेणार नाही. ज्याला किंमत आहे ते आपली वाट आपण शोधते. ज्याला नाही, त्याच्यासाठी कोणी तरी वाट बांधावी लागते, आणि ती एकट्या सद्विवेकाने बांधून होत नाही. परदेशात पुष्कळ गावांतून असे द्रव घेणारे केंद्र असते, सांडपाणी शुद्ध करणारा कारखाना असतो. आमच्या गटाराचा शेवट ओढ्यात होतो. मिस्त्रीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि उत्तर नसताना त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. नगरपालिकेला मी दोन अर्ज लिहिले आहेत. पहिल्याची पोच मिळाली.

तोपर्यंत जिन्याखाली, कुलूप असलेल्या फडताळात, दोन कॅन आहेत. पाणी पिण्याच्या बाटल्यांत ते भरले नाही, कारण अशा बाटलीकडे हात सवयीने जातो. वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिले आहे आणि खाली तारीख. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कवटी काढली आहे, ती फारशी साधली नाही. घरातून अधूनमधून विचारणा होते की ही अडगळ किती दिवस ठेवायची. मी अर्जाची तारीख सांगतो. पुढच्या खेपेला तिसरा कॅन लागेल. घट्ट झाकणाचा एक पाहून ठेवला आहे.